चॉकलेटवाले नामदेवभाऊ

कढईतून काढलेल्या चॉकलेटची पहिली वडी नामदेवभाऊ स्वतःच्या जिभेवर ठेवत आणि डोळे मिटून उभे राहत. चांद्याच्या त्या लहानशा कारखान्यात आम्ही चार बाया वड्या कागदात गुंडाळायचो. वडी विरघळेपर्यंत आमचेही हात थांबत. ती विरघळली नाही, तर "चावा लागली त ते चाकलेट नाई, बाई," असं म्हणून ते सगळा माल परत कढईत ओतत.

मालकांनी लोण्याऐवजी मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल आणलं तेव्हा भाऊ अडून बसले. "टोळीचं तेल माह्या घरी रोज खातो. त्याले नावं नाई ठेवत. पण कागदावर गाय छापून तेल काऊन विकता?" मालकांनी गाय काढली नाही. भाऊ तरी येत राहिले. चॉकलेटची कढई चांद्यात दुसरीकडे नव्हतीच.

पुढे दुधाची भुकटीही महागली. मालकांनी तिच्याऐवजी पिठाची पोती कुठूनतरी स्वस्तात आणली. त्या मालाची पहिली वडी भाऊंनी तोंडात घातली आणि लगेच थुंकली. पोती हुंगून आले. "याले पिकावरच्या फवाऱ्याच्या औषधाचा वास येऊन राह्यला. फेका हे सारं."

"बरं," मालक म्हणाले. भाऊ जेवायला घरी गेले. तेवढ्यात मालक आमच्याकडे वळले. "गुंडाळा. संध्याकाळी एटापल्लीच्या बाजाराचा माल निघतो."

आम्ही गुंडाळल्या.

एटापल्लीकडच्या एका गोंड वस्तीत त्या वड्या खाऊन सात वर्षांची मुलगी गेली. पोलीस आले. मालक म्हणाले, "माल कारागीर करतो, मला काय ठाऊक?" भाऊंनी पोत्यांचं सांगितलं, पण पोती तोवर नाहीशी झाली होती. गुंडाळलं कुणी, असं विचारल्यावर ते एवढंच बोलले, "माल मी केला. फेका म्हनून सांगितलं अन् जेवाले गेलो. माह्या हातानं मातीत घालाले पाह्यजे होतं." शिक्षा त्यांना झाली.

तुरुंगातून आले ते छाती पोखरूनच. गेले त्याच्या आदल्या आठवड्यात मी दवाखान्यात त्यांना भेटले. इतकी वर्षं गिळलेलं बोलायचं होतं.

"भाऊ, त्या पोरीनं खाल्ली ती वडी..."

"मले माहीत होतं, शांता. पोलिसांनी त्या वडीचा कागद दाखवला. घडी उलट्या हाताची होती. डावखुरी तू एकटीच."

मी डावा हात पदराखाली घेतला.