डायरेक्ट केलेली भट्टी

‘डायरेक्ट’ हा शब्द ऐकला की अजूनही माझं डोकं फिरतं.

बुऱ्हाणपूरला आमचा सूत रंगवण्याचा कारखाना. ओलं सूत वाळवायला गॅसची भट्टी होती. पंख्याची हवा कमी पडली तर आत गॅस साचून भडका उडू नये, म्हणून एक छोटा सेफ्टी स्विच भट्टीचा गॅस बंद करायचा. भट्टी पेटवायचं काम बाबांचं. ते भट्टीच्या झरोक्याशी तोंड नेऊन ज्योत बघत.

त्या हिवाळ्यात भट्टी पेटून लगेच विझू लागली. कारखान्याच्या मिस्त्रींनी स्विचच्या दोन वायरी काढून एकमेकींना पिळल्या, वर काळी टेप गुंडाळली; आता हवा असो-नसो, गॅस चालूच. “लो सेठ, डायरेक्ट कर दिया.” मोठे काका खूश. आमच्याकडे गीझर, मोटर, सगळं एक ना एक दिवस डायरेक्ट होतं आणि करणाऱ्याला लोक हुशार म्हणतात.

चारचौघांत माझा आवाजच निघत नाही. जुन्या स्विचवरचे आकडे गुपचूप उतरवून घेतले आणि इंदूरहून तसाच नवा मागवला. यायला महिना गेला. बाबांनी हट्टाने तो बसवून घेतला. भट्टी पेटली आणि पुन्हा विझली.

मोठे काका हसले. “घ्या! पोरीचा स्विचपण पोरीसारखाच. जरा काही झालं की तोंड बंद!”

सगळे हसले. बाबासुद्धा. मिस्त्री परत टेप शोधू लागले.

मी नव्या स्विचच्या खोक्यातला कागद उघडला. त्यात इंग्रजीत साधं लिहिलं होतं: स्विच वारंवार गॅस बंद करत असेल, तर आधी हवेची वाट तपासा. मी भट्टीच्या मागे गेले. पंख्याची जाळी दिसतच नव्हती. तिच्यावर सुताचा भुसा गोधडीसारखा जाड बसला होता. इतक्या हुशार माणसांपैकी एकानेही मागे डोकावलं नव्हतं.

मी तो भुसा ओंजळीने ओरबाडून आणला आणि बाबांच्या हातात दिला.

“मागे बघा,” एवढंच म्हणता आलं.

बाबा मागे जाऊन आले. हसू गेलं होतं. त्यांनी मिस्त्रींच्या हातातली टेप काढून घेतली, स्वतः जाळी झाडली. भट्टी पेटली आणि पेटलेली राहिली.

“बघा, नवा स्विच सेट झाला,” मोठे काका म्हणाले. “जुना बेकारच होता.”

मी टेबलावरचा जुना स्विच उचलला. “हा लावा, बाबा.”

“कशाला आता? चालू आहे ना!” मोठे काका ओरडले.

बाबांनी गॅस बंद केला आणि जुना स्विच लावला. भट्टी तशीच चालली.

“बेकार नव्हता, मोठे काका,” मी म्हटलं. आवाज फाटला, पण निघाला. “तो खरं सांगत होता. तुम्ही त्याचं तोंड बांधलं, आणि महिनाभर बाबांचं तोंड त्या झरोक्याशी होतं.”

कोणी हसलं नाही. पण मला तेवढ्याने बरं वाटलं नाही; त्या महिन्यात कधीही बाबांच्या तोंडावर भडका उडाला असता.