बोटानं फिरवलेली मोटर

दहावीला मी एकोणीस वर्षं विज्ञान शिकवलं. त्यातली सतरा वर्षं मी विद्युत चलित्र फळ्यावर काढलं आणि एकदाही फिरवून दाखवलं नाही. चलित्र म्हणजे मोटर. मोटर म्हटलं तर पोरांना चटकन कळेल, अशी धास्ती पुस्तक लिहिणाऱ्यांना वाटली असावी.

माझी शाळा कवठे महांकाळच्या पुढं. बोअरच्या आणि मोटरींच्या मुलखात. तिथं मोटर जळली की घरातलं माणूस आजारी पडल्यासारखी पळापळ होते. दहावीतल्या निम्म्या पोरांनी विहिरीतून मोटर ओढून काढायला हात लावलेला असायचा. आणि त्या पोरांपुढं मी खडूनं दोन चुंबक, मध्ये चौकोनी वेटोळं आणि खाली दुभंगलेली कडी काढायची. त्या कडीला दिक्परिवर्तक म्हणतात. 'दिक्परिवर्तकाचे कार्य लिहा' याला दोन गुण. पोरं पाठ करून लिहायची, मी गुण द्यायची. तो दिक्परिवर्तक नेमकं काय करतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं, पण माझ्या हातात लाल पेन होतं.

मग आमच्या नशिबी प्रशिक्षण आलं. 'कृतीतून विज्ञान'. दोन-तीन जिल्ह्यांतले शिक्षक साताऱ्याला बोलावले होते, एका मंगल कार्यालयात. आदल्या दिवशी तिथं लग्न झालं असावं. स्टेजवर नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्च्या तशाच होत्या. पुण्याहून आलेले तज्ज्ञ त्यातल्या एका खुर्चीत बसले आणि अडीच दिवस आम्हाला पडद्यावर चित्रं दाखवत सांगत राहिले, की नुसतं सांगून काही होत नाही, हातानं करून बघायला हवं.

तिसऱ्या दिवशी जेवणानंतर, निम्मे शिक्षक पेंगत असताना, त्यांनी एकदाचा प्रयोग काढला. एक बॅटरीचा सेल, त्याच्या दोन्ही टोकांना दोन सेफ्टी पिना, पिनांच्या भोकांत टांगलेलं तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि त्याच्याखाली चुंबक. वेटोळं फिरायला हवं होतं. ते हललंसुद्धा नाही. तज्ज्ञांनी सेल बदलला. टेबल हलवून बघितलं. संयोजकांकडं बघून "हवामान दमट आहे" असं म्हणाले. एप्रिल महिना होता. शेवटी त्यांनी बोटानं वेटोळ्याला टिचकी मारली, ते दोन गिरक्या घेऊन थांबलं.

"फिरली!" तज्ज्ञ म्हणाले.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. माझ्या शेजारी पाचगणीच्या एका निवासी शाळेतल्या बाई मोबाईलवर चित्रण करत होत्या. त्यांनी तेवढ्या दोन गिरक्या कापून घेतल्या आणि चहाच्या आत ग्रुपवर टाकल्या. खाली पन्नास अंगठे आले. त्यात माझाही एक होता.

प्रमाणपत्राबरोबर आम्हाला एकेका पिशवीत तार, पिना आणि चुंबक मिळालं होतं. एरवी अशा पिशव्यांत मी गहू-ज्वारी भरते. या खेपेला का कोण जाणे, घरी करून बघितलं. तेव्हा कळलं की त्या तारेवर लाखेसारखा पातळ थर असतो आणि तो खरवडल्याशिवाय वीज आत शिरतच नाही. तज्ज्ञांनी तार खरवडलीच नव्हती. मला फार आनंद झाला. आपण पुण्याच्या माणसापेक्षा हुशार आहोत, असं मला संध्याकाळभर वाटत राहिलं. मी ब्लेडनं तारेची दोन्ही टोकं चकचकीत होईपर्यंत खरवडली आणि वेटोळं रुमालात गुंडाळून ठेवलं. फिरवून बघायची गरज मला वाटली नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि तो धडा आला त्या दिवशी मी सगळं टेबलावर मांडलं. पोरं बाकांवर चढून बघत होती. वेटोळं सोडलं. ते थरथरलं, पाळण्यासारखं पुढं-मागं झालं आणि थांबलं. पुन्हा सोडलं, पुन्हा तेच. आणि मग माझं बोट पुढं गेलं. मी टिचकी मारली.

"फिरली," मी म्हणाले.

तिसऱ्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "न्हाई बाई. तुमी बोटानं फिरवली."

मी काय करावं? मी तिला उभं केलं. मध्येच बोलायचं नाही म्हणून तास संपेपर्यंत उभं ठेवलं आणि फळ्याकडं वळून आकृती काढायला घेतली. ती पोरगी रडली नाही, रुसली नाही. मान वाकडी करून त्या वेटोळ्याकडंच बघत राहिली. घंटा झाल्यावर टेबलाशी आली.

"बाई, आईला इचारू का? ती मोटरी भरती."

"गरज नाही," मी म्हणाले.

दोन दिवस मी स्वतःशी धुमसत होते. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर बाजारातून जाताना पाय आपोआप त्या मुलीच्या घरच्या पत्र्याच्या शेडमधल्या दुकानाकडं वळले, असं मी नवऱ्याला सांगितलं. खरं तर मी पत्ता विचारत गेले होते. दुकानाच्या पाटीवर तिच्या वडलांचं नाव होतं. ते गावोगाव जळक्या मोटरी गोळा करायला जायचे. जळलेली तार काढून नवी भरायचं काम आईचं. दारात मोटरींची रांग होती आणि आत जळक्या वार्निशाचा उग्र वास.

मला बघून आई उठली. "आवं बाई, या की. पोरीनं काय केलं काय?"

"नाही, तिनं काही नाही केलं," मी म्हणाले आणि पर्समधून रुमाल काढला.

तिनं वेटोळं उजेडात धरलं. दोन्ही टोकांवरून अंगठ्याचं नख फिरवलं.

"कुणी खरवडली ही?"

"मी."

"दोनी कडंनी पार साफ केलीया. मग कशी फिरंल? निम्मी फेरी चुंबक तिला म्होरं ढकलतंय, निम्मी फेरी मागं वडतंय. बिचारी जाणार कुठं?" तिनं नवी तार घेतली, बोटांवर दहा-बारा वेढे घातले, टोकं काढली. "हे एक टोक पुरं खरवडायचं. दुसरं निम्मंच. वरल्या अंगानं. खालची लाख तशीच ठिवायची. मंजे निम्म्या फेरीला करंट लागतो, निम्म्याला तुटतो. जवा तुटतो तवा ती आपल्या झोकानं म्होरं जाती."

तिच्या फळीवर जुन्या स्पीकरचं चुंबक पडलं होतं. ब्लेडनं खरवडलेलं वेटोळं तिनं सेलला जोडलेल्या दोन पिनांत टांगून त्यावर धरलं आणि ते फिरायला लागलं. कुणी बोट न लावता, गुंगुं करत, दिसेनासं होईपर्यंत.

मला आधी राग आला, हे कबूल करते. लाज नंतर वाटली. कारण हे निम्मं खरवडणं म्हणजे दिक्परिवर्तकाचंच काम; तो वीज उलटवतो, हे ती नुसती तोडतं. निम्म्या फेरीनंतर विजेनं उलटी खेच करू नये म्हणून केलेली तजवीज. सतरा वर्षं ज्याची व्याख्या मी दोन गुणांना विकत होते, ती वस्तू आठवी शिकलेल्या बाईनं ब्लेडनं दोन मिनिटांत करून माझ्या हातावर ठेवली होती. मी एम.एस्सी. आहे. वाईला आमच्या आळीत त्या काळी मी एकटीच एम.एस्सी. होते आणि वडलांनी पेढे वाटले होते.

"तुम्हाला हे कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"कोण शिकवतंय? चुकलं की मोटर जळती आन् माणूस शिव्या देत दारात येतं. दोनदा जळली की येतंय आपुआप."

सोमवारी वर्गात गेल्या गेल्या पहिलं वाक्य बोलून टाकलं. "परवा मी मोटर बोटानं फिरवली होती. ही मुलगी म्हणाली ते खरं होतं." पोरांना यात विशेष काही वाटलं नाही; त्यांना ते परवाच कळलं होतं. ती मुलगी मान खाली घालून वही चाळत राहिली. मग सगळ्यांनी तारा खरवडायला घेतल्या आणि आठवडाभरात बाकाबाकावर मोटरी गुणगुणायला लागल्या. कुणाची उलटी फिरायची, कुणाची अडखळायची, आणि चुंबक पालथं केलं की दिशा का बदलते यावर पोरांची भांडणं व्हायची. इतक्या वर्षांत माझ्या तासाला पोरं आपसांत भांडली होती, पण विज्ञानावरून ही पहिलीच वेळ.

ही बातमी मुख्याध्यापकांपर्यंत गेली. सर मराठीचे, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. त्यांनी ती वर कळवली आणि सांगलीहून शिक्षण खात्याचे साहेब भेटीला येणार असं ठरलं. मग सरांनी कपाटाची किल्ली काढली. त्या कपाटात हातानं फिरवायचं एक जनित्र चार वर्षं होतं, प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट. दांडा फिरवला की आतलं वेटोळं चुंबकात फिरतं, वीज तयार होते आणि वरचा छोटा दिवा लागतो. मी कितीदा मागितलं होतं. "नोंद आहे ना रजिस्टरला? मग आहे," असं उत्तर मिळायचं. आता ते टेबलावर आलं, त्याला फुलं वाहिली गेली, आणि पोरांनी केलेल्या मोटरी बाकाखाली गेल्या. त्या कचऱ्यासारख्या दिसत होत्या, असं सरांचं मत पडलं.

साहेब आले. बरोबर फोटोवाला. साहेबांनी बाही सरसावली, दांडा धरला आणि फिरवला. दिवा लागला नाही. जोरात फिरवला. नाही लागला.

तो दिवा असा होता, की वीज एकाच दिशेनं आली तरच लागायचा. साहेब उलटं फिरवत होते. मुलगी परत तीच.

"साहेब, उलटं फिरवा," ती म्हणाली.

साहेबांनी ऐकलं नाही, किंवा ऐकलेलं दाखवलं नाही. त्यांच्या कपाळावर घाम आला, कारण नेमकी तेव्हाच वीज गेली होती आणि वरचा पंखा थांबला होता. सर लगबगीनं पुढं आले.

"साहेब, लाईट गेलीय ना," ते म्हणाले.

साहेबांनी थांबलेल्या पंख्याकडं पाहिलं. चेहऱ्यावरचा ताण गेला. "हां," ते म्हणाले. "मग कसा लागणार?"

वर्गात पन्नास पोरं होती. एकही हसलं नाही. शिस्त चांगली होती आमच्या शाळेची. मीही गप्प राहू शकले असते, सवय होतीच.

"साहेब, याला लाईट लागत नाही," मी म्हणाले. "हेच लाईट तयार करतं."

आता मात्र मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांनी दांडा सोडला. फोटोवाल्याला विचारलं, "आला का?" तो म्हणाला, "चेहरा चांगला आलाय साहेब, दिवा आपण नंतर पेटवू." आणि त्यानं तो पेटवलाही. पुढच्या महिन्यात कार्यालयाच्या पत्रिकेत आलेल्या फोटोत साहेबांच्या हातात पिवळाधमक दिवा आहे. खाली लिहिलंय, 'सौरऊर्जेचे प्रात्यक्षिक पाहताना'.

माझ्याकडून लेखी खुलासा मागवला गेला. प्रयोगशाळेतील साहित्य नादुरुस्त का ठेवले? मी एका ओळीत लिहिलं: साहित्य सुस्थितीत असून ते उलट दिशेने फिरवण्यात आले. सरांनी ते वाचून डोक्याला हात लावला. म्हणाले, "बाई, जरा मवाळ लिहा." मी 'असून' काढून 'आहे' केलं आणि पाठवलं. पुढं काही झालं नाही. उत्तरच आलं नाही. बहुधा 'उलट' या शब्दावर कार्यवाही कशी करायची ते त्यांना कळलं नसावं.

माझी भीड मात्र त्या दिवसापासून चेपली. त्या मुलीच्या आईला वर्गावर बोलवायचं मी ठरवलं. सरांनी विचारलं, "त्यांचं शिक्षण किती?" मी म्हणाले, "आठवी." ते म्हणाले, "मग दहावीच्या वर्गावर कसं चालेल?" मी त्यांच्या टेबलासमोरची खुर्ची ओढून बसले. शेवटी ते म्हणाले, "बरं, पण व्हरांड्यात घ्या. वर्गात नको."

ती आली, पदर खोचून. पोत्यात एक जळकी मोटर घेऊन. व्हरांड्यात बसून तिनं ती उघडली आणि काळी पडलेली तार पोरांच्या हातात दिली. आधी बोलायला बिचकत होती. "तुमच्या बाई म्हणत्यात ते चलिट्र का काय ते मला येत न्हाई," म्हणाली. मग पोरांनीच प्रश्न विचारायला सुरुवात केली, कारण ती मोटर कुणाची हे त्यांनी ओळखलं होतं. एक फेज गेली की मोटर का जळते, तार जाड घातली तर काय होतं, किती वेढे घालायचे ते कसं ठरवतेस. मुलगी आईच्या शेजारी बसून पक्कड देत होती आणि आईच्या तोंडी 'चलिट्र'सारखा एखादा शब्द आला की कानकोंडी होत होती. मला ते दिसलं. मी जमिनीवर मांडी घालून त्यांच्या पलीकडं बसले आणि वहीत लिहून घ्यायला लागले. मग पोरांनीही वह्या काढल्या.

सर दाराशी येऊन उभे राहिले. पाच मिनिटं थांबतील असं वाटलं, चांगले अर्धा तास उभे होते.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी त्यांना दुकानापाशी पाहिलं. हातात कापडी पिशवी, पिशवीत घरचा मिक्सर.

"जरा बघता का?" ते तिला विचारत होते. "फिरतच नाही हो."

ती तार भरत होती. मान वर न करता तिनं रांगेकडं बोट दाखवलं.

"ठिवा तितं. आदी पाण्याच्या मोटरी हुतील, मग तुमचा."