गोधडीतली माझी जागा

घरातली भांडणं सुई-दोऱ्यानं मिटवता येतात, यावर मनापासून विश्वास असलेली एकच बाई मी आजवर पाहिली, आणि ती नेमकी माझी थोरली जाऊ निघाली. मी त्यांना अक्का म्हणायची. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, त्यामुळे राग चढला की मराठी संपून कानडी सुरू व्हायचं आणि आमचे थोरले दीर गुपचूप चपला घालून बाहेर पडायचे. सोलापुरात जन्म काढून या बाईनं गिरणीची चादर कधी अंगावर घेतली नाही. आहेरात आलेल्या चादरींची चळत कपाटात तशीच घडी मोडल्याविना, आणि घरभर गोधड्या. विचारलं की म्हणायच्या, "चादर यंत्र विणतंय. त्याला काय ठावं कोण पांघरणार हाय?"

दारात कुणी आलं की त्यांची नजर आधी त्याच्या कपड्यांवर जायची, मग तोंडावर. माझ्या नवऱ्याचा चांगला धडधाकट शर्ट दुपारी दोरीवर वाळत होता, तो संध्याकाळी चौकोन होऊन माझ्यासमोर आला, आणि वर कॉलर विटली होती हेही मलाच ऐकून घ्यावं लागलं. मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा एक चौकोन त्यांनी मापाला कापून ठेवला होता. तो कापडावर ठेवायचा, खडूनं रेघ मारायची आणि कात्री चालवायची. मग सगळे चौकोन हॉलच्या फरशीवर मांडायचे. सोलापूरचा मे महिना, अंगाची नुसती लाही होतेय, आणि पंखा बंद, का तर तुकडे उडतील! आम्ही सगळे घामाघूम होऊन भिंतीला चिकटून खेकड्यासारखे आडवे चालायचो.

आणि मांडायची तऱ्हा तर विचारूच नका. रंग बघणं नाही, नक्षी बघणं नाही. कुणाचं कुणाशी पटतं ते बघायचं. ज्यांच्यात अबोला, त्यांचे तुकडे शेजारी येता कामा नयेत. मध्ये सासूबाईंच्या लुगड्याचा तुकडा, कारण त्यांचं सगळ्यांशी पटायचं. रात्रभर अंगावर भांडण घेऊन कोण झोपेल, असा त्यांचा सवाल असे. माझा चौकोन तर सारखा फिरतीवर. आमचं गूळपीठ असलं की मी उशाकडे, खटका उडाला की थेट पायाकडे. हॉलमध्ये पाऊल टाकलं की मी आधी, आज आपण कुठं आहोत, ते बघायची. त्यांचा स्वतःचा तुकडा मात्र एकाही गोधडीत नसे. शिवणाऱ्यानं आत कशाला जायचं, म्हणायच्या. शेवटचा कोपरा बंद करताना आत कडक भाकरीचा एक तुकडा घालायच्या, गोधडीचं पोट उपाशी शिवू नये म्हणून. उंदरानं तो कोपरा कुरतडला तरी त्यांना राग नाही. त्यालाही पोट आहेच की.

अक्कांच्या सुनेला दिवस गेले तेव्हा त्यांनी बाळासाठी गोधडी मांडायला घेतली. बारशाला ती हवीच होती. त्याच आठवड्यात मी बोलून गेले, की अक्का, या खेपेला तुमची भाकरी कडक नाही, वातड झालीय. झालं! माझी रवानगी पायाकडे. आणि मांडणी अर्धी झाली असतानाच त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं.

घरी त्या चौकोनांना कुणी हात लावला नाही. पंखाही कुणी लावला नाही. मी मोबाइलवर फोटो काढून त्यांना दाखवायला नेला, म्हटलं, उरलेलं कसं लावायचं ते सांगा. फोटो त्या बराच वेळ बघत राहिल्या. आवाज अगदी खोल गेला होता.

"तुजा तुकडा तितनं उचल," म्हणाल्या. "माज्याजवळ लाव."

"तुमच्याजवळ कुठं, अक्का? तुमचा तुकडा नसतोच की."

"आता घाल."

त्यांनीच माझा हात थोपटला आणि वर सांगितलं, की भाकरी नीट कडक कर, मला नावं ठेवलीस ती.

बाळाला बघायला अक्का थांबल्या नाहीत. त्यांची नेहमीची हिरवी साडी पुढ्यात घेऊन मी बसले, पण कात्री चालेना. पुठ्ठा ठेवला, रेघ मारली, पुसली, पुन्हा मारली. शेवटी रडत रडतच कापला. चौकोन तिरका आला. त्यांनी पाहिला असता तर माझा उद्धारच केला असता. तो मी मधोमध लावला आणि माझा त्याच्या शेजारी. टाके वाकडे पडले. भाकरी वातड झाली, तरी कोपऱ्यात तीच घातली, दुसरी भाजायचं बळ नव्हतं.

बारसं झालं. नात आता त्या गोधडीवर पालथी पडते. सून ती धुऊन गच्चीत वाळत घालते आणि मी कपडे काढायला गेले की सवयीनं आधी बघते, आज आपण कुठं आहोत. तिथंच असते, त्यांच्या शेजारी. माझं सगळं आयुष्य त्यांच्याशी भांडण्यात गेलं आणि मला अक्का फार आठवतात. आता कितीही वेडंवाकडं बोलले तरी तिथनं उचलून मला पायाकडे लावणारं कुणी नाही.