लांबून घेतलेली आपा

सलीमभाई कुणाचीही क्लिप घेण्याआधी त्याच्याकडे रिकाम्या काडेपेटीतून बघत. आतला खण काढलेला, उरलेली चौकट एका डोळ्याला लावलेली. पहिल्यांदा त्यांनी ती माझ्यावर रोखली, तेव्हा मी पदर सावरून, मान जराशी तिरकी करून उभी राहिले. पन्नाशी उलटलेली शाळेतली मराठीची बाई मी. पण त्यांच्या स्टुडिओत शिरले की माझं वय परस्पर सोळावर यायचं. सलीमभाईंनी काडेपेटी खाली घेतली.

"बाई, ही बारीक चौकडीची साडी बदलून येता काय? फोनवर अंगभर मुंग्या चालल्यागत दिसतील."

मी रागावून घरी गेले आणि साडी बदलून परत आले.

दोन हजार आठच्या आसपासचे ते दिवस. माझी नातवंडं मस्कतला. मी इथे गोष्ट सांगायची, सलीमभाईंनी तिची क्लिप करून नेटवर चढवायची, आणि तिकडे मुलांनी बापाच्या फोनवर बघायची, असा बेत. फोनचा पडदा तेव्हा बिस्किटाएवढा. मला मात्र मागे मांडवीचा समुद्र हवा होता, एखादं गलबतही हवं होतं. सलीमभाई म्हणाले, "समुद्र घेऊ, बाई. मग तुम्हांला कुठं ठेवू?"

लग्नांच्या कॅसेटी काढण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. मग मोहल्ल्यातली पोरं आखातातून फोनवर घर बघायला मागू लागली, तेव्हा या माणसाने सगळं नव्याने शिकून घेतलं. मागे साधी भिंत. एका वेळी एकच माणूस. कॅमेरा हलवायचा नाही, कारण हलला की नेटवर चित्राच्या ठिकऱ्या होतात. आणि जवळ, अगदी जवळ जायचं. क्लिप तयार झाली की ते भर उन्हात रस्त्यावर उभे राहून, हात लांब करून फोनवर बघत. "तिकडचा माणूस असाच बघणार. बसच्या रांगेत, उन्हात. तेवढ्यात त्याला आपल्या माणसाचं तोंड दिसलं पायजे. बाकी सगळं फुकट." नाकाच्या इतक्या जवळ कॅमेरा आणत, की नव्या नवऱ्या लाजून हसत आणि म्हाताऱ्या शिव्या घालत.

सर्वांत जास्त शिव्या घालणारी म्हणजे त्यांची थोरली बहीण, आमची आपा. आमच्या दोघींच्या घरांमध्ये फक्त एक चिऱ्यांचा गडगा, कमरेएवढी भिंत. तिचा एकुलता एक मुनीर दोह्याला होता. दर महिन्याला त्याला आपाची क्लिप जायची. तो शुक्रवारी फोन करायचा आणि म्हणायचा, "अम्मी, दात दुखतो ना? गाल सुजलाय." आपा खूश व्हायची. "बघ गं बाई, तिथं बसून दात मोजतो माझे!"

त्या पावसाळ्यानंतर आपा आटू लागली. पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी सलीमभाईंना बाजूला घेऊन सांगितलं, की जवळच्यांना बोलावून घ्या. आपाने ते भावाचं तोंड बघूनच ओळखलं. "मुनीरला सांगायचं नाय. नवी नोकरी, आत्ता रजा मागितली तर ठेवतील काय त्याला? ईदेला येतोच आहे. तोवर मी कुठं जात नाय." आमच्याकडे ही रीतच होती. परदेशातल्या माणसाला वाईट कळवायचं नाही. ते तो आल्यावर, त्याला जेवू घातल्यावर सांगायचं.

पण क्लिपचा दिवस आला. सलीमभाईंनी नेहमीसारखी काडेपेटी डोळ्याला लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. आपाच्या गालांत खळगे पडले होते, डोळे आत गेले होते. "हे तोंड त्यानं बघितलं तर रातच्या विमानानं येईल," ते म्हणाले. मग हलकेच म्हणाले, "येऊ दे की, आपा."

"सलीम, माझी शपथ आहे तुला."

इथे माझी अक्कल पाजळली. सलीमभाईंकडून चार गोष्टी शिकले होते ना! मी म्हटलं, "जवळून नकाच घेऊ. आपा अंगणात कोंबड्यांना दाणे टाकेल, तुम्ही गडग्यापाशी जा. एवढ्याशा पडद्यावर काय कळणार आहे?" मी माझी जाड शाल तिला पांघरली. कोपरापर्यंत घसरणाऱ्या बांगड्या दोऱ्याने मनगटाशी बांधल्या. नाटक बसवावं तसा उत्साह होता मला. सलीमभाई कॅमेरा धरून उभे राहिले, मी त्यांच्या खांद्याशी, त्यांना मागे मागे नेत. आपा बारा पावलं चालली, दाणे टाकले, हात हलवला. कॅमेरा बंद झाल्यावर तिथेच मातीत बसली.

शुक्रवारी मुनीरचा फोन आला. अम्मी चालती-फिरती बघून बरं वाटलं. तो मध्येच एक फेरी मारणार होता, आता ईदेलाच येईल. मी आनंदाने पेढे आणले. होय, पेढे! सलीमभाईंनी हातात घेतलेला पेढा तसाच बशीत ठेवला. "बाई, लांबून घेतलं आपण. आता तो लांबच राहणार."

नवव्या दिवशी आपा गेली. दफन त्याच दिवशी झालं. मुनीर दुसऱ्या संध्याकाळी पोचला.

आपाच्या ओटीवर आम्ही तिघंच होतो. मुनीरने खिशातून फोन काढला, ती क्लिप लावली. फोन डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, मग तिरका केला.

"मामू, ह्यात अम्मीचं तोंडच नाय."

"चूक माझी," सलीमभाई म्हणाले. "मी लांबून घेतलं."

ते माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. आणि मी, वर्गात खरं बोला म्हणून मुलांचे कान पिळणारी, पदराच्या टोकाची घडी घालत बसले.

तिकडच्या गोंगाटात त्याला नीट ऐकू आलं नसावं; मुनीरने आता आवाज पूर्ण मोठा केला. घरचे आवाज त्याला हवे असत, म्हणून सलीमभाई ते कधी कापत नसत. कोंबड्या ओरडल्या. कुठेतरी कावळा. आणि मग त्या बिस्किटाएवढ्या फोनमधून, अगदी जवळून, माझा वर्गात बोलायचा खणखणीत आवाज आला: "मागे, सलीमभाई, अजून मागे! अजून तोंड दिसतंय!"

मुनीरने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

सलीमभाईंनी हात पुढे केला आणि फोन बंद केला. "बाई दमल्यात," ते त्याला म्हणाले. "आधी त्यांना घरी सोडून ये."