सुमनचा दुसरा पाय

माझ्या बहिणीचे दोन्ही पाय शाबूत आहेत, हे मोहोपाड्याच्या एका कुटुंबाला पटवून द्यायला आम्हाला एक अख्खा हिवाळा लागला. पाय मी कापले होते.

सत्तरच्या आगेमागे मी मुंबईच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. फोटोवर लाल पेन्सिलीने चौकट मारून नको तो भाग उडवणं हे माझं रोजचं काम. पुढाऱ्यामागचा चहावाला, सभेतल्या रिकाम्या खुर्च्या, कुणाचा तरी अर्धा कान, सगळं जायचं. सुटीला कर्जतला घरी आलो की गळ्यात जुना कॅमेरा अडकवून रस्त्यावरची माणसं त्यांच्या नकळत टिपत हिंडायचो. माणूस बेसावध असतो तेव्हाच खरा दिसतो, असं माझं मत होतं. (ज्यांचे फोटो काढले त्यांचं मत वेगळं होतं.)

त्या वर्षी सुमनला स्थळ आलं. मुलगा मोहोपाड्याकडे कारखान्यात नोकरीला, मध्यस्थ आमचे खालापूरचे विठूमामा. मुलाकडच्यांनी आधी फोटो मागितला. वडील म्हणाले, स्टुडिओत नेऊ. मी हरकत घेतली. तिथे तोच रंगवलेला धबधबा, तीच कुंडी, आणि मुलगी अशी ताठ की जणू पोलिसांनी उभी केली आहे. फोटो मी काढणार, असं मी जाहीर केलं.

सुमनने मला पडवीत गाठलं. चौक गावच्या एका पूजेत तिने तो मुलगा पाहिला होता. प्रसाद वाटताना तो तिच्यापुढे तीनदा आला होता. हे तिने घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

"दादा, नीट काढ," एवढंच म्हणाली.

थंडीत उल्हास नदीवरचं धुकं सकाळी बाजारापर्यंत येऊन बसतं. भाताच्या गिरणीची घरघर कापसातून आल्यासारखी येते, समोरची माणसं आधी आवाज होऊन येतात आणि मग आकार घेतात. अशा सकाळी सुमन बाजाराला निघाली आणि मी रस्त्याच्या दुसऱ्या कडेने तिच्या मागे. वाटेत तिच्या चपलेचा अंगठा तुटला. झाडाखाली चपला शिवणारा बसायचा, त्याच्याकडे तिने चप्पल दिली आणि बुंध्याला टेकून नदीकडे बघत उभी राहिली. धुक्यातून गाळलेलं ऊन तिच्या गालावर पडलं होतं. काय आठवत होती कोण जाणे. मी बटण दाबलं.

ऑफिसच्या डार्करूममध्ये, लाल उजेडात, द्रावणाच्या तळातून तिचा चेहरा हळूहळू वर आला तेव्हा मी स्वतःवर बेहद्द खूश झालो. कमरेखालचा भाग उडवला. चेहरा डावीकडच्या एक तृतीयांश भागात घेतला आणि उजवीकडे नुसतं धुकं ठेवलं. मी काढलेला तो सर्वांत चांगला फोटो आहे, असं मी अजूनही मानतो. पाहणाऱ्या बहुतेकांनी मात्र पायांचीच चौकशी केली आहे.

घरी वडिलांनी तो उजेडात धरला.

"एवढी जागा मोकळी असताना पोरीला कोपऱ्यात कशाला ढकललीस रं?"

मी सांगितलं, नजरेला जायला जागा लागते.

"तिची नजर कुठं चाललीय?" आईने विचारलं.

फोटो मोहोपाड्याला गेला. आठवड्याने विठूमामा आले आणि आधी तांब्याभर पाणी प्यायले. आमच्याकडे लग्नाचा फोटो म्हणजे मुलगी समोर उभी, डोक्यापासून नखापर्यंत, पायांत चपला. कापलेला फोटो म्हणजे काहीतरी झाकलेलं. मुलाच्या आईने एकच विचारलं होतं: वरचं बघितलं, खालचं का लपवलं? मुलगी लंगडी असणार, यावर तिथल्या आळीचं एकमत होतं.

वडील म्हणाले, "बैल घेताना पण खूर बघतात रं."

मी शांत होतो. वृत्तपत्रात आरोप झाला की मूळ पुरावा छापतात. मी अख्ख्या निगेटिव्हचा फोटो काढला, पाकिटात घातला आणि मामांच्या हाती दिला. त्यात खाली काय आहे हे मी पाहिलं नाही. एकदा कापलेला भाग माझ्या लेखी या जगात उरत नसे.

या वेळी मामा पाणीसुद्धा न पिता ओट्यावर बसले.

"पहिल्या फोटोत पाय नव्हते. दुसऱ्यात एकच हाय."

मी निगेटिव्ह उजेडात धरली. चप्पल शिवायला दिल्यावर सुमनने तो पाय धुळीत न टेकता मागे दुमडून बुंध्याला लावला होता. साडीखाली एकच पाऊल दिसत होतं. शेजारी तो कारागीर मन लावून एकच चप्पल शिवत होता. मोहोपाड्यात लोक म्हणत होते, एक पाय, एकच चप्पल, जुळतंय सगळं.

सुमन दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तोडलास तो तोडलास पाय. वर पुरावा कशाला धाडलास?"

डोळे भरले होते तिचे. मी पहिल्यांदाच घाबरलो.

मग मामांनी कानात सांगितलं की येत्या बाजाराला मुलगा आणि त्याची आई सुकी मासळी घ्यायला कर्जतला येणार आहेत आणि एसटी स्टँडच्या बाकावर बसणार आहेत. मोहोपाड्याहून मासळीसाठी कुणी कर्जतला येत नाही. सुमनने साडी घोट्याच्या चांगली वर खोचली.

"दादा, कॅमेरा घरी ठेव."

त्या सकाळीही धुकं होतं. पिशवी घेऊन ती बाकासमोरून पुलाकडे गेली, परत आली, पुन्हा गेली. धुक्यात विरघळायची आणि पुन्हा दोन पायांवर उगवायची. मी टपरीआडून बोटांची चौकट करून बघत होतो. पावलं चौकटीबाहेर जात होती, म्हणून हात खाली घेतले.

चौथ्या फेरीला मुलाच्या आईने हाक मारली. "अगं ये, बस इथं. आमचंच डोकं गरगरायला लागलंय."

"मावशी, पाय बघून झाले का? नायतर आणखी एक फेरी मारते."

मावशींनी पदर तोंडावर घेतला, पण हसताना त्यांचे खांदे हलत होते. मुलगा सुमनला जागा द्यायला उठला, तो याद्या ठरेपर्यंत उभाच होता.

लग्नात फोटो काढायला स्टुडिओवाला बोलावला होता. मला वडिलांनी पंक्तीत मीठ वाढायला लावलं. पहिल्याच पानावर मुलाची आई बसली होती. मी मीठ वाढलं आणि पुढे सरकलो.

"अरं ए," त्यांनी थांबवलं, "मीठ मधी वाढतात. हे कुठं कडंला टाकलंस?"

मी पाहिलं. मीठ पानाच्या बरोबर डावीकडच्या एक तृतीयांश भागात पडलं होतं. उजवीकडे जागा मोकळी राहते, असं मी बोलून गेलो.

त्यांनी मला नीट निरखलं. "फोटोवाला भाऊ तूच काय?" असं म्हणून दोन्ही हातांनी पान स्वतःकडे ओढून घेतलं.

पुढच्या पंक्तीला माझ्याकडचं मीठ काढून घेतलं आणि पाण्याची कळशी दिली. पेला कुठे ठेवायचा, ते लोक आपलं आपण ठरवतात.