सत्तेचाळीस नंबरचं झाड

दवाखान्यात सत्तेचाळीस नंबरचं टोकन हातात आलं की मी ते शेजारच्या माणसाला देऊन टाकतो आणि त्याचं घेतो. बायको म्हणते, तुमचं डोकं फिरलंय. फिरलं असेलही. पण त्या आकड्यामागे एक झाड उभं आहे, आणि ते मला अजून सोडत नाही.

दोन हजार दहानंतरची काही वर्षं मी ओमानमध्ये एका लहानशा सर्व्हे कंपनीत होतो. ऑफिस खाली राजधानीत अझैब्याला, खोली तिथेच दार्सैतला. वर्षातून पंधरा दिवस मात्र जबलवर, म्हणजे उत्तरेच्या त्या उंच डोंगरावर जावं लागे. तिथे ज्युनिपरची झाडं आहेत. लांबून आपल्या सुरूसारखी दिसतात, जवळ गेलं की पिळलेली आणि हट्टी. ती शेंड्याकडून लालसर होत सुकत चालली होती. का सुकतात ते कळावं म्हणून तीच झाडं, त्याच महिन्यात, दर वर्षी मोजायची. प्रत्येकाच्या खोडावर नंबराचा पत्रा ठोकलेला. घेर किती, शेंडा किती हिरवा, एवढंच लिहायचं.

आमचे साहेब बर्फाच्या मुलखातले. तिकडच्या जंगलात, आणि त्याच्याही पलीकडे जिथे झाडं संपून नुसतं शेवाळ उरतं तिथे, त्यांनी उमेदीची वर्षं अशीच मोजण्यात घालवली होती. त्यांचा एकच नियम होता. झाडाला हात लावल्याशिवाय आकडा लिहायचा नाही. पोचता आलं नाही, तर रकान्यात ‘गेलो नाही’ असं लिहायचं, त्यात लाज नाही. त्यांच्या गुरूंच्या वह्यांत अशा कितीतरी नोंदी होत्या, हे ते कौतुकाने सांगत.

मला ते हास्यास्पद वाटायचं. मी राजापूरकडचा, कड्याकपारीत वाढलेला, असं सगळ्यांना ऐकवून झालेलं. माझ्या तक्त्यात रिकामा रकाना कधी नसे आणि साहेब तो इतरांना दाखवत. एवढ्या कौतुकावर माणूस किती फुगतो, ते मला विचारा.

सत्तेचाळीस नंबर घळीच्या पलीकडे, एका झऱ्याच्या तोंडाशी होतं. तिथे जायला बकऱ्यांची अरुंद वाट, आणि शेवटी खडकाला वळसा. पहिल्या वर्षी मी गेलो, हात लावला, घेर मोजला. येताना पाय सटकला. पडलो नाही, पण खाली पाहिलं. त्या दिवशी मला कळलं की मला उंचीची भीती वाटते. हे मी कोणालाच सांगितलं नाही.

दुसऱ्या वर्षी मी खडकाच्या अलीकडेच बसलो. तिथून झाड दिसत नाही. मागच्या वर्षीचा तक्ता आम्हाला मुद्दाम देत नसत, पण माझी स्मरणशक्ती दुर्दैवाने चांगली. जुन्या घेरात एक मिलिमीटर वाढवला आणि पुढे लिहिलं, ‘शेंडा हिरवा’. पाणी प्यायलो, परत आलो.

वाटेत चाचांचं घर लागायचं. चाचा म्हणजे तिथले एक म्हातारे ओमानी. त्या झऱ्यावर त्यांची डाळिंबांची चार खाचरं होती. गुडघे गेल्यामुळे ते घळ ओलांडू शकत नव्हते, पण गच्चीवरून त्यांना त्या झाडाचा शेंडा तेवढा दिसे. त्यांची आमची भाषा म्हणजे मोडकी हिंदी आणि मोडकी अरबी; मला ते सदीक, म्हणजे दोस्त, म्हणत. कावा, म्हणजे तिकडची कोरी कॉफी, ओतता ओतता त्यांनी विचारलं, “सदीक, मेरा शजर कैसा? इधरसे लाल दिखता.”

“हरा है चाचा,” मी म्हणालो. “मैं अभी हाथ लगाके आया.”

“अलहम्दुलिल्लाह,” ते म्हणाले. “मेरा नजर खराब.”

त्याच वर्षाच्या सुरुवातीला घळीच्या खाली एका बागवाल्याने नवी खोल विहीर पाडली होती. तेव्हापासून झरा बारीक झाला, असं चाचांचं म्हणणं. तिसऱ्या वर्षी त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा खडकाच्या अलीकडूनच परतलो होतो, तक्त्यात तेच लिहिलं होतं, त्यांनाही तेच सांगितलं. एकदा लिहिलेलं हिरवं लाल करायचं, तर आधीचं वर्षही कबूल करावं लागलं असतं.

चौथ्या वर्षी झरा आटला. चाचांनी तक्रार केली. त्यांचं म्हणणं सरळ होतं. विहीर पाडली त्याच साली माझं झाड लाल झालं, पाणी विहिरीने ओढलं, निदान उन्हाळ्यात ती बंद ठेवा, म्हणजे माझी डाळिंबं जगतील. तपासायला आलेल्या अधिकाऱ्याने आमचे तक्ते मागितले. साहेब स्वतः घळ ओलांडून सत्तेचाळीसला जाऊन आले.

“मेलंय,” ते मला म्हणाले. “साल सुटलीय. तुझे आकडे समोर नसते, तर मी म्हटलं असतं, मरून दोन वर्षं तरी झाली.”



“खोड कापून बघता येईल?” मी विचारलं.

“ह्या झाडाची वलयं वर्षागणिक नीट पडत नाहीत. आणि इथल्या कोरड्या हवेत मेलेलं झाड वर्षानुवर्षं तसंच उभं राहतं. कधी मेलं ते झाड सांगत नाही. म्हणून तर आपण दर वर्षी जातो.”

तेव्हा बोलायला हवं होतं. तोंडाशी आलंही होतं. पण साहेबांनी माझ्या खांद्यावर थोपटलं, “बरं झालं तू दर वर्षी गेलास,” म्हणाले, आणि मी भेकडासारखा गाडी पुसायला लागलो. कागदावर ते झाड विहिरीनंतर दोन वर्षं हिरवंगार होतं. म्हणजे विहिरीचा दोष नाही. तक्रार निकाली निघाली.

डोंगरावरून उतरण्याच्या दिवशी सकाळी चाचा रस्त्यावर उभे होते. धुतलेला पायघोळ दिशदाशा, डोक्याला मसरचा फेटा, हातात काठी. मला म्हणाले, खाली विहीरवाल्याच्या घरापर्यंत सोड. गाडीत मी विचारलं, “चाचा, झगडा करने का?”

“ला, ला. माफी मांगने का. मैं दो साल गाव में बोला, ये आदमी मेरा पानी खाया. झूठ बोला मैं.”

सगळ्या वळणांवर मी नुसता गाडी चालवत होतो. दर वळणाला वाटायचं, आता थांबवावी आणि सांगावं. म्हाताऱ्याने शिव्या दिल्या असत्या, साहेबांनी हाकललं असतं, बस, इतकंच झालं असतं. पण वळणं संपली.

विहीरवाल्याने खजूर आणि कावा समोर ठेवला. तोही अवघडला होता. चाचा जमिनीवर नजर ठेवून अरबीत सावकाश बोलले. तोवर मला तेवढी अरबी कळत होती. माझे डोळे म्हातारे झालेत, ते म्हणाले, जे नव्हतं ते मला दिसलं. तू शेजारी, तुझ्यावर मी खोटा आळ घेतला. मग माझ्याकडे बोट दाखवलं. “ह्याला विचार. हा दर साली वर गेला, झाडाला हात लावून आला.”

विहीरवाल्याने माझ्याकडे पाहिलं.

“ऐवा,” मी म्हणालो. हो.

चाचांनी माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, जरा वेळ तसाच धरून ठेवला, आणि म्हणाले, “शुक्रन, सदीक.”