साध्या पाण्यानं निघालेला डाग

माझ्या मामाचा पाण्यावर राग होता. ड्रायक्लीनिंगवाल्याला तो शोभतोही, पण मामा तो गिऱ्हाइकांना ऐकवायचा. कोट घेऊन आलेल्या माणसाला पावतीआधी व्याख्यान मिळायचं. काउंटरवर मी बसायची, त्यामुळे मला ते पाठ होतं. पाण्याचे कण म्हणे एकमेकांना धरून बसलेले असतात. मीठ आलं की त्याचे विजेचा भार असलेले कण ते ओढून सुटे करतात आणि आपल्यात घेतात. साखरेशीही त्यांचं चांगलं जमतं. तेल आलं की मात्र त्याच्यासाठी एकमेकांचा हात सोडायला कोणी तयार होत नाही. तेल विरघळवायला तेलासारखाच सॉल्व्हंट लागतो, आणि तो आमच्या मशीनमध्ये आहे. मीठ-साखर हे बादलीवाल्यांचं काम, असं म्हणताना मामा मामीकडे बघायचा. मामी मागच्या खोलीत साधे कपडे पाण्यात धुवायची आणि खरं सांगायचं तर दुकान त्यावरच चालायचं.

लोक जांभया देत ऐकायचे. मन लावून ऐकायच्या त्या एकट्या मुख्याध्यापकांच्या बायको. डॉक्टरांनी मुख्याध्यापकांची साखर बंद केल्यापासून त्यांना सगळ्याच पदार्थांत काय काय असतं याची फार उत्सुकता लागली होती.

मुख्याध्यापक निवृत्त होत होते. शनिवारी पाचला सत्कार, आणि सत्काराला घालण्यासारखा कोट एकच, फिकट रंगाचा, लोकरी. नवरा-बायको तो घेऊन आले तेव्हा काही सांडलंय का, असं मी नेहमीप्रमाणे विचारलं. मुख्याध्यापकांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग नुसती धूळ आहे म्हणाले. चाळीस वर्षं मुलांच्या थापा पकडलेल्या माणसाला स्वतःला एक थाप धड मारता येऊ नये, याचं मला वाईट वाटलं.

ते गेल्यावर मामीनं कोटाच्या छातीवरून बोट फिरवलं. इथं चिकट लागतंय, आधी ओल्या फडक्यानं टिपून घेऊ का, असं विचारलं. आपल्या दुकानात लोकरीला पाणी लागत नाही, असं मामानं तिला सुनावलं आणि कोट मशीनमध्ये टाकला. सॉल्व्हंट साखरेला हात लावत नाही हे त्याच्याच व्याख्यानात होतं. पण स्वतःचं व्याख्यान ऐकायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

शनिवारी चारला त्यानं कोटावर इस्त्री फिरवली. जिथं काहीच दिसत नव्हतं तिथं कॉलरपासून खिशापर्यंत एक तपकिरी ओघळ उमटला. मामाच्या तोंडचं पाणी पळालं. नेमके तेव्हाच मुख्याध्यापक आणि त्यांची बायको दारात उभे.

मामी कोमट पाणी आणि दोन पांढरी फडकी घेऊन आली, एक डागाखाली घातलं, दुसऱ्यानं टिपत राहिली. ओघळ फिका झाला आणि पंधरा मिनिटांत गेला. मुख्याध्यापकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. जरा लवकरच सोडला.

"भाऊजी," त्यांच्या बायकोनं मामाला विचारलं, "पाण्यात विरघळलं म्हणजे एक तर मीठ, नाही तर साखर. तुम्हीच सांगता ना?"

"घाम असेल," मुख्याध्यापक पुटपुटले आणि मामाकडे अशा नजरेनं बघू लागले की दगडालाही दया आली असती.

मामानं नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण तीस वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी त्याला त्याच्या विषयातला प्रश्न विचारला होता.

"घामातलं मीठ इस्त्रीनं असं करपत नाही, वहिनी. करपते ती साखर. हा सरबताचा ओघळ आहे. आणि पेला चांगला मोठा असणार."

सत्काराला आम्ही तिघंही गेलो. सगळ्यांना सरबत दिलं. मुख्याध्यापकांसमोरचा पेला त्यांच्या बायकोनं उचलला आणि तिथं साधं पाणी ठेवलं. स्वच्छ कोटातले मुख्याध्यापक ते घोट घोट पीत राहिले.

मामा मला कोपरानं ढोसत म्हणाला, "बघ, कुठं दिसतोय का डाग? असं काम आहे आपलं."

मामीनं तिचं सरबत संपवलं आणि उठून दुसरं घेतलं.